गेमिंगचा मॉनिटर केव्हीएमबाहेर ठेवायला लावल्याबद्दल आभार

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

ऑफिसचा लॅपटॉप, गेमिंगचा पीसी, दोन मॉनिटर आणि एकच कीबोर्ड-माउस. या मांडणीला कोणता केव्हीएम स्विच (एकाच कीबोर्ड-माउस-मॉनिटरवर आलटूनपालटून दोन संगणक चालवणारा डबा) घ्यावा, असं विचारल्यावर तुम्ही एकाही मॉडेलचं नाव घेतलं नाहीत. उलट विचारलंत, "कुठला मॉनिटर किती हर्ट्झवर चालवणार? आणि लॅपटॉपला १४४ हर्ट्झ हवेत कशाला?" हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, आणि निम्मी निवड तिथेच झाली. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमचा हिशेब असाच गोंधळ पडलेल्या इतरांच्याही कामाचा आहे.

खोक्यावर '४के' छापलेलं असतं, पण ते ३० हर्ट्झला की ६०ला, हे बारीक अक्षरात. एचडीएमआय १.४च्या स्विचवर ४के म्हणजे ३० हर्ट्झ. माउसचा बाण ओढत नेल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.०मध्ये प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला १४.४ गिगाबिट उरतात, डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीच्या १.२ आवृत्तीत १७.२८, तर डिस्प्लेपोर्ट १.४मध्ये २५.९२. १४४० ओळींचा, १४४ हर्ट्झचा, ८ बिट रंगांचा मॉनिटर ब्लँकिंग (ओळी आणि चित्रांमधला रिकामा वेळ) धरून साधारण १४ गिगाबिट खातो, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.२वर आरामात बसतो. एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवण्यासाठी) १० बिट केलं की तोच आकडा साडेसतराच्या वर जातो आणि १.२चा स्विच तोकडा पडतो. ४के १४४ हर्ट्झ तर डिस्प्लेपोर्ट १.४वरही डीएससी कॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे चित्राचा डेटा दाबून लहान केल्याशिवाय, मावत नाही. स्विच डीएससी आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) जसंच्या तसं पुढे पाठवतो, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते धरूनच चालू नये, हा तुमचा आग्रह अगदी रास्त.

पण खरे आभार पुढच्या सल्ल्याचे: वेगवान मॉनिटर स्विचमधून न्यायचाच नाही. पीसीची डिस्प्लेपोर्ट केबल थेट मॉनिटरला, लॅपटॉपची एचडीएमआय त्याच मॉनिटरच्या दुसऱ्या इनपुटला. केव्हीएममधून फक्त बाजूचा ४के ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि यूएसबी. दोन संगणक आणि दोन मॉनिटर सगळे स्विचमधून नेले तर चित्राच्याच सहा केबल होतात, चार आत आणि दोन बाहेर. या रचनेत स्विचला तीनच लागतात, आणि दोन मॉनिटरच्या महागड्या स्विचऐवजी एका मॉनिटरचा साधा स्विच पुरतो. मोठ्या मॉनिटरचं इनपुट बदलायला बटण दाबायचाही कंटाळा असेल, तर डीडीसी/सीआयवरून (चित्राच्या केबलमधूनच मॉनिटरला आज्ञा देण्याची सोय) संगणकच ते बदलू शकतो. त्यासाठी व्हीसीपी कोड, म्हणजे त्या आज्ञेचा क्रमांक, हेक्स ६०. पहिल्या डिस्प्लेपोर्टचं मूल्य सहसा हेक्स ०एफ, पहिल्या एचडीएमआयचं ११. काही मॉनिटर हे आकडे पाळत नाहीत, म्हणून आधी सध्याचं मूल्य वाचून घ्यायचं. आणि मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय चालू आहे ना, तेही पाहायचं.

यूएसबीची गोम तुम्ही सांगितली नसतीत तर कोणाच्या लक्षात आली असती कोण जाणे. स्विचवर कीबोर्ड-माउसचं चिन्ह काढलेल्या पोर्टमागे बहुधा एम्युलेशनची चिप असते. ती दोन्ही संगणकांना 'कीबोर्ड इथेच आहे' असं भासवत राहते, म्हणून अदलाबदल तत्काळ होते आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबण्यासारखी हॉटकी चालते. पण गेमिंगच्या माउसला ती साधा माउस समजते. बाजूची बटणं मुकी होतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरला माउस दिसत नाही, आणि १,००० हर्ट्झचा पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा हालचाल कळवतो तो आकडा) अनेकदा १२५वर येतो. एका मिलिसेकंदाच्या जागी आठ. म्हणून माउस साध्या यूएसबी हबच्या पोर्टात. तिथे दर वेळी संगणक त्याला नव्याने ओळखतो, एक-दोन सेकंद जातात, एवढं सोसायचं. कीबोर्डही हबमध्ये गेला तर हॉटकी बंद, मग वायरचा रिमोट असलेला स्विच बघावा. हेडफोनचा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी ॲनालॉग करणारं उपकरण) मात्र स्विचमध्ये नकोच. अदलाबदलीत आवाज तुटतो आणि कॉल चालू असेल तर पंचाईत. स्विचबरोबरचा पॉवर अॅडॅप्टर खोक्यात ठेवून देणारेही बरेच असतात. वेबकॅम आणि बाहेरची डिस्क एकदम लावली की नुसत्या यूएसबीची वीज अपुरी पडते आणि उपकरणं गळायला लागतात. दोष स्विचला दिला जातो!

ईडीआयडी एम्युलेशन, म्हणजे मॉनिटरची ओळख स्विचने दोन्ही संगणकांना कायम दाखवत राहणं, बाजूच्या मॉनिटरसाठी हवंच. ते नसलं की स्विच फिरवताच विंडोज समजतं मॉनिटर काढला, आणि सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर जमा होतात.

एकाच यूएसबी-सी केबलवर दोन मॉनिटर चालवणाऱ्या स्विचबद्दलचा इशाराही नोंदवून ठेवतो. त्यातले बरेच एमएसटीवर (एकाच केबलमधून अनेक मॉनिटरची चित्रं नेण्याची पद्धत) चालतात, आणि मॅकओएसवर एमएसटीने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं.

राहिल्या केबल. स्विचमध्ये सिग्नल नव्याने उभारणारी चिप नसेल, तर संगणक ते स्विच आणि स्विच ते मॉनिटर ही एकच लांबी धरायची, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पडदा सेकंदभर काळा होऊन परत येतो, किंवा यादीतून वरचा रिफ्रेश रेट गायब होतो, तेव्हा आधी स्विच काढून मॉनिटर थेट जोडून बघायचा. थेट नीट चालला तर एकेक मीटरच्या केबल लावून पाहायच्या. डिस्प्लेपोर्टची केबल घेताना २०वी पिन जोडलेली नाही ना, याची खात्री करायची. ती जोडलेली असली तर मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे ग्राफिक्स कार्डात शिरतात आणि बंद केलेला पीसी नीट सुरूच होत नाही.

लॅपटॉप बदलला की पुन्हा त्रास देणार आहोतच. लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
तुमच्या हिशेबावर केबल मोजणारे