शिंकाळ्यातली चित्रं

श्रीवर्धन,
१० जानेवारी २०२१

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "लॉकडाऊनमध्ये पोरांकडून मानसिक आरोग्यावर काहीतरी करून घेतलंस म्हणे, कसं केलंस?" आणि मी "सांगतो नंतर" म्हणून विषय टाळला. राग मानू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये सल्ले देतोस आणि माझा धागा सुटतो. कागदावर तुला गप्प बसावंच लागतं.

सुरुवात फजितीने झाली. एप्रिलमध्ये मी आठवीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय टाकला, 'माझ्या मनातली भीती'. माप पाव ताव, माध्यम ऐच्छिक, अगदी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या थाटात. चित्रं आली सात, आणि सातही एकसारखी: काटेरी हिरवा विषाणू, मास्क लावलेली पृथ्वी, खाली 'घरी राहा, सुरक्षित राहा'. एका चित्रात पृथ्वी रडत होती, तेवढाच काय तो मनाचा भाग. पोरांना काय बोलणार? व्यसनमुक्ती म्हटलं की कवटी, पाणी वाचवा म्हटलं की गळका नळ, हे आपणच तर शिकवलंय.

मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. तू बातम्यांत पाहिलंसच. नारळ मुळासकट आडवे झाले, सुपारी मात्र अर्ध्यातून मोडते, काडी मोडावी तशी. दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो तर सगळीकडे नुसती खोडं, वर शेंडाच नाही. इथली रोठा सुपारी म्हणजे लोकांची पेन्शन रे. नवं रोप धरायला सहा-सात वर्षं जातात. आमच्या आळीत महिनाभर वीज नव्हती. फोन चार्ज करायला लोक कुणाच्यातरी गाडीच्या बॅटरीला लोंबकळायचे. ऑनलाइन शाळा हा शब्द ऐकला की हसू यायचं.

आणि त्याच काळोखात मला होस्टेल आठवलं. एटीडीच्या, म्हणजे आपल्या कलाशिक्षक पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला सरांनी सांगितलेला तो खेळ आठवतो? १९२५ च्या सुमारास पॅरिसमधली अतिवास्तववादी मंडळी कागद दुमडून खेळायची तो? एकाने डोकं काढायचं, घडी घालायची, कडेवर दोन रेघा सोडायच्या, पुढच्याने न बघता धड काढायचं. आपण मेसच्या बिलामागे वॉर्डनचं धड म्हशीला जोडलं होतं. म्हटलं, हेच करू. विषय द्यायचाच नाही, फक्त दुसऱ्याच्या रेघा द्यायच्या.

कागद होता. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या, त्यामुळे चित्रकलेच्या पेपरचे कार्ट्रिज ताव कपाटात तसेच पडून होते. उभ्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला चार घड्या. पहिल्याने सगळ्यात खालच्या घडीत काढायचं आणि वरच्या कडेपलीकडे दोन बोटं रेघा जाऊ द्यायच्या. मग घडी मिटवून पट्टी पुढच्या घरी. पोचवायची कशी? शाळेत पालक पोषण आहाराचे तांदूळ-डाळ न्यायला यायचे, त्यांच्या पिशवीत पाकीट टाकायचं. सूचना एकच लिहिली: 'आज जसं वाटतंय तसं काढ. नाव घालू नकोस.'

पण लोक कागदालाही भ्यायचे. पाकीट दोन दिवस उन्हात ठेवा म्हणायचं, तर जूनमध्ये कोकणात ऊन कुठून आणू? शेवटी एका आजीने तोडगा काढला. "ठेवा की शिंकाळ्यात, चुलीवर. धुरात कोण जगतोय?" शास्त्रात बसतं की नाही कोण जाणे, पण लोकांच्या मनाला पटलं. म्हणून या सगळ्या पट्ट्यांना कडेने पिवळट झाक आहे आणि नाकाशी धरल्या तर सुक्या मासळीचा वास येतो. मला तो वॉटरकलरच्या पहिल्या वॉशइतका आवडायला लागलाय.

आता एक पट्टी नीट सांगतो.

पहिली घडी एका मुलीची. तिचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे, मे महिन्यात कुटुंब गावी आलं. चाकरमानी म्हणून गणपतीत ज्यांना डोक्यावर घेतो, त्यांनाच शाळेत चौदा दिवस ठेवलं. तिला जो वर्ग मिळाला तो पुढे तिचाच वर्ग व्हायचा होता. तिने आतून दिसणारी खिडकी काढली होती, पाच उभे गज, बाकी काही नाही. गज कडेपलीकडे गेलेले. ही पट्टी पुढच्या घराने घेतली नाही. "मुंबईकडचा कागद आमच्यात नको," म्हणून पाकीट न उघडता परत. मी स्वतः आठवडाभर आमच्या शिंकाळ्यात ठेवलं आणि दुसऱ्या आळीत एका मुलाकडे दिलं. त्याला फक्त पाच रेघांची टोकं दिसत होती. त्याने त्यांची सुपारीची खोडं केली. तीन अर्ध्यातच मोडलेली, दोन कडेपर्यंत गेलेली.

तिसऱ्या घडीत त्या दोन खोडांवर कावळे बसले. मुलगी आठवीतली, हात सफाईदार. मी तिला फोन करून म्हणालो, "कावळा झकास जमलाय, चोच जरा लांब झालीय बघ." ती "हो सर" म्हणाली. महिन्याने कळलं, तिचे आजोबा मुंबईत कोरोनाने गेले होते. घरच्यांनी सगळं मोबाइलवर पाहिलं. ना दहावं धड झालं, ना कावळ्याला पिंड ठेवता आला. आणि मी चोचीची लांबी मोजत होतो. बंड्या, इतकी वर्षं चित्रं तपासून माझा डोळा फक्त प्रमाणबद्धतेवर जातो, हे मला त्या दिवशी फार लागलं.

उलटही फसलो. एका मुलाने आख्खी घडी काळी केली, कागद खरवडून फाटेपर्यंत. माझी झोप उडाली, सकाळीच त्याच्या घरी. तर म्हणतो, "सर, पावसात खडूची पेटी भिजली, काळाच उरला होता." आणि जिने ओळीने गुलाबी फुलं काढली होती, अगदी रांगोळीच्या पुस्तकातली, तिची आई तांदूळ न्यायला आली तेव्हा दबक्या आवाजात सांगून गेली, पोर रात्र रात्र जागी असते, जेवत नाही. तिला डॉक्टरांकडे न्यायला लावलं, सप्टेंबरात सरकारची 'किरण' हेल्पलाइन सुरू झाली तिचा नंबर दिला. आता खाते-पिते. पण चित्रावरून निदान करायला आपण ज्योतिषी नाही, एवढं तुझ्या शाळेत करशील तेव्हा पक्कं धर. पट्ट्यांमुळे एवढंच झालं की त्या आईला माझ्याशी बोलायला निमित्त मिळालं.

हो, एक गंमत राहिली. वीज आली आणि टीव्हीवर त्या सुशांतसिंह राजपूत नावाच्या नटाच्या मृत्यूवरून रोज 'डिप्रेशन, डिप्रेशन' सुरू झालं. कोळीवाड्यातल्या एका पोराने मला विचारलं, "सर, डिप्रेशन म्हणजे समुद्रात येतं तेच ना? बाबा रेडिओवर ऐकून होडी वर ओढतात." मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. निसर्गही आधी डिप्रेशनच, म्हणजे समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्रच होतं की. त्याने पुढची घडी काढली त्यात समुद्र एकदम सपाट, आणि किनाऱ्यावर दोराने बांधलेल्या होड्या. माझ्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा त्याला विषय जास्त कळला होता.

एकूण चौदा पट्ट्या झाल्या. आता नववी-दहावीचे वर्ग भरू लागलेत, तर शाळेत टूम निघालीय की प्रदर्शन मांडू, पाहुणे बोलावू, पहिले तीन नंबर काढू. मी किल्ली हरवली म्हणून सांगितलंय. खिशात आहे.

चौदापैकी तेरा पूर्ण. कावळ्यांची तेवढी तीन घड्यांवर अडली. पुढच्या मुलाचं कुटुंब परत मुंबईला गेलं. दुसऱ्या कुणाला देणार होतो, पण तिच्या आजोबांचं कळल्यापासून धीर होईना. मी स्वतः तीनदा पेन्सिल घेऊन बसलो. मार्चपासून माझ्या हातून फळ्यावरच्या तारखेपलीकडे काही उतरलेलं नाही, हे घरीसुद्धा बोललो नाहीये, तुला सांगतोय. गेल्या आठवड्यात ती मुलगी आईबरोबर शाळेत आली होती. विचारलंन, "सर, माझ्यावर कोणी काय काढलं?" मी म्हटलं, "अजून पाकीट आलं नाही."

तर ते पाकीट या पत्रासोबत आहे. खालच्या घड्या उघडू नकोस, मी सगळं सांगून बसलोय तरीही. कडेवर एकाच कावळ्याच्या पंखाचं टोक आलंय, तिथून पुढे तुझं. तुझ्या सवयीप्रमाणे सहा महिने लावू नकोस, ती वाट बघतेय. आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठव, कुरियरवाला आमच्याकडे माणगावातूनच मागे फिरतो.

वहिनींना नमस्कार, छोट्याला माझ्याकडून एक खडूची पेटी घेऊन दे. पैसे मी देईन म्हणतो दरवेळी, तसंच.

तुझा,
पेंटर