श्रुतिकेतला नोव्हेंबर

प्रिय अरुण,

तुझ्या श्रुतिकेचा खर्डा वाचला. १९४८ चा नोव्हेंबर, लंडन, बाहेर धुकं, आत बीबीसीचा स्टुडिओ. संवाद झकास आहेत. यंत्रांच्या बाबतीत मात्र तू आजच्या काळात राहिला आहेस.

पहिल्याच प्रवेशात गृहिणी खटका दाबते आणि लगेच गाणं लागतं. विजेवरच्या रेडिओ सेटचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, तापायला अर्धा मिनिट तरी जायचा. ‘हाउसवाइव्ज चॉइस’ हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम ९ वाजून १० मिनिटांनी लागायचा, तेव्हा तिला आधीच सेट लावू दे. खेड्यातल्या मावशीकडे वीज नसेल तर सेट बॅटरीचा दाखव. त्यात दोन व्होल्टचा ॲसिडचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे पुन्हा चार्ज होणारी बॅटरी, असतो. तो उतरला की दुकानात चार्ज करायला न्यायचा, आणि वाटेत सांडला तर कपड्यांना भोकं. शिवाय १२० व्होल्टची कोरडी बॅटरी, ती संपली की सरळ नवीच घ्यायची. गंमत म्हणजे हा सेट विजेवरच्यापेक्षा लवकर बोलू लागतो, कारण त्याच्या व्हॉल्व्हची तारच तापते, वेगळी नळी तापवावी लागत नाही. लाइट प्रोग्रॅम, म्हणजे बीबीसीची हलकीफुलकी वाहिनी, ड्रॉइटविचच्या ट्रान्समीटरवरून १५०० मीटरवर, म्हणजे लाँग वेव्हवर. युद्धकाळातल्या सरकारी नमुन्याच्या सेटला लाँग वेव्हच नव्हती, त्यामुळे तो मावशीच्या हाती दिलास तर काटा मीडियम वेव्हच्या २६१ मीटरवर ठेव.

दुसरं, वेळेचे ठोके, म्हणजे तास भरताना रेडिओवर वाजणारे सहा ‘पिप’. तू शेवटचा ‘पिप’ लांबवला आहेस. लांब पिप १९७२ पासूनचा. तेव्हा सहाही सारखे, प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग, आणि सहाव्याच्या सुरुवातीला तास भरतो.

स्टुडिओत तुझा नट माइकपाशी ‘मागे सरून’ बोलतो. तिथला माइक रिबनचा, दोन चुंबकांमध्ये ॲल्युमिनियमची अतिपातळ पट्टी. तो पुढून-मागून सारखाच ऐकतो आणि दोन्ही कुशींना बहिरा असतो. म्हणून दोन पात्रं समोरासमोर, माइक मध्ये. खोलीबाहेर जाणाऱ्या पात्राने सहा पावलं मागे जायची गरज नाही, कुशीकडे सरकलं की आवाज आपोआप लांब जातो. फार जवळ आलं तर खर्ज फुगतो आणि माणूस पिंपातून बोलल्यासारखा वाटतो. पट्टीवर फुंकर मारून ‘हॅलो’ म्हणणारा तंत्रज्ञ तर काढूनच टाक, तिथे असलं कुणी करत नसे! संहितेच्या पानांच्या टाचण्या काढायच्या, वाचून झालेलं पान न कुरकुरता बाजूला सोडायचं. काचेपलीकडे आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा १ ते ७ मध्ये नाचतो. ६ ही हद्द, तिच्यापुढे ट्रान्समीटरवर आवाज फाटतो. हिरवा दिवा लुकलुकला की बोलायचं.

सगळ्यात खटकलेली जागा म्हणजे ‘टेप मागे घे’. टेप तेव्हा नुकती येऊ घातली होती, रोजचं काम लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर. ७८ फेऱ्यांच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटं, म्हणजे पंधरा मिनिटांच्या भागाला चार बाजू. त्यासाठी दोन यंत्रं: पहिली बाजू संपण्याआधीच दुसरी कोरायला लागायची, आणि वाजवताना ठरलेल्या शब्दावर एकीवरून दुसरीवर उडी. उडी चुकली की शब्द दोनदा ऐकू येतो, नाहीतर गिळला जातो. सुईखालून केसासारखा कीस निघतो. तो वेळेवर ओढून घेतला नाही तर सुईभोवती गुंडाळतो आणि खोबण बिघडते. शिवाय तो भडकन पेटणारा, म्हणून तिथे सिगारेट नको. तुझ्या नायकाच्या तोंडात ती दोनदा आहे. चुकलेलं वाक्य पुसता येत नाही, नवी तबकडी लावायची. म्हणूनच बरंचसं थेट जायचं. ही भीती तुझ्या नाटकाला हवीच होती, ती तूच घालवलीस.

संध्याकाळी ६.४५ ला ‘डिक बार्टन’ ही हेरकथेची मालिका, सहापासून थर्ड प्रोग्रॅम ही अभिजात कार्यक्रमांची वाहिनी, हे तू बरोबर टिपलं आहेस. होम सर्व्हिस या बीबीसीच्या मुख्य वाहिनीवरच्या नऊच्या बातम्यांआधी बिग बेन येते. आधी तिची सुरावट, मग टोल, आणि नऊ वाजतात ते पहिल्या टोलाला, नवव्याला नव्हे. नायिकेचं ‘नऊ वाजले’ तेवढं आठ टोल अलीकडे घे.

तुझा,
विनू