बंद झरोके आणि बाथरूममधील गॅस गिझर

मा. संपादक,

थंडी पडू लागली की नाशिक-निफाड परिसरात पारा दहा अंशांखाली उतरतो आणि घरोघरी बाथरूमच्या झरोक्यांवर पुठ्ठा किंवा थर्माकोल चिकटवला जातो. आत गॅस गिझर असेल तर ही सवय जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

घरातील अदृश्य वायूंचा विषय निघाला की रेडॉनचे नाव पुढे येते. जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून निर्माण होणारा हा वायू फुप्फुसाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी दर घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असते. तरीही तळमजल्यावरील खोल्या रोज उघड्या ठेवाव्यात. मला अधिक काळजी वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची, कारण रेडॉनचा परिणाम वर्षानुवर्षांच्या सहवासाने होतो, तर हा वायू काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो.

बंद जागेत प्राणवायू अपुरा पडला की गॅस अर्धवट जळतो, निळी ज्योत पिवळी पडू लागते आणि हा वायू तयार होतो. गळती झाली तर वास येईलच, असे अनेकजण समजतात. परंतु तो वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला मुळीच वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे ही लक्षणे आपण पित्तावर ढकलतो आणि दाराला आतून कडी असते! अशा वेळी दार उघडून, गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेतही रक्तातील प्राणवायूचा आकडा चांगलाच दाखवतो.

गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी बसवून फक्त गरम पाण्याची पाइप आत घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. बाथरूममध्ये गिझर बसवून मागणाऱ्या ग्राहकाला प्लंबरांनी स्पष्ट नकार द्यावा, महापालिकेने याबाबत प्रभागनिहाय जनजागृती करावी आणि सोसायट्यांनी बाथरूमचे झरोके ज्यात उघडतात त्या डक्टवर पावसासाठी टाकलेले पत्रे थंडीपूर्वी काढून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक