आयच्या बाकावरची पट्टी

वसई,
१९ एप्रिल २०२२

चि. अनिता,

जय ख्रिस्त. तुम्हा तिघांना अनेक आशीर्वाद.

इकडे यायचं तुमचं तिकीट पक्कं झाल्याचं कळलं आणि मम्मीने दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचा पाळणा काढून उन्हात ठेवला. बाळ दीड वर्षाचं आहे, पाळण्यात मावणार नाही, हे मी सांगून पाहिलं. २७ मार्चपासून विमानं नेहमीसारखी सुरू झाली ही बातमी तुझ्याआधी तिनेच वाचली होती.

इस्टरच्या दिवशी फोनवर तू विचारलंस, “पप्पा, सगळं पूर्वीसारखं झालं का?” मी हो हो म्हणून मोकळा झालो. व्हिडिओत बाळ दिसलं की कोणाला काय सुचतं! रात्री वाटलं, आपण पोरीला खोटं सांगितलं. म्हणून लिहायला बसलोय.

गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, सरकारने सगळे निर्बंध उठवले आणि आठ दिवसांनी इस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार आला. दोन वर्षांनी मिरवणूक निघाली. माडाच्या झावळ्या आपल्याच वाडीतून गेल्या. मास्क आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. गंमत म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत माणसं एकमेकांच्या हनुवट्याच बघत होती. गाण्याला सूर लागेना. कोयर दोन वर्षं सहा जणांचा होता, तोही मास्कमधून गाणारा. आता अख्खं गाव एकदम गायला लागलं तर कोण कुठे चाललंय पत्ता नाही. पण आवाज असा होता की रस्त्यापलीकडच्या घरांतली माणसं गच्चीवर आली.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आज्ञागुरुवारी, पाय धुण्याचा विधीही झाला. २०२० च्या मार्चमध्ये व्हॅटिकनने त्या वर्षापुरता तो वगळायला सांगितला होता, आणि आपल्याकडे गेल्या वर्षीही झाला नाही. यंदा फादरांनी बारा जण निवडले त्यात एक नर्स होती, रुग्णवाहिका चालवणारा एक पोरगा होता, आणि आपला कबर खोदणारा काका. काकाने विधीच्या आधी घरून तीनदा पाय धुवून आणले म्हणे. खुर्चीवर तो असा आखडून बसला होता की जणू शाळेत मार खायला उभा आहे. ज्या हातांनी दोन वर्षांत एवढे खड्डे खणले ते मांडीवर कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

शुक्रवारी क्रूसाचं चुंबन झालं नाही, फक्त पुढे जाऊन वाकायचं. मला हे पटलंय. एकाच जागी पाचशे माणसांचे ओठ आणि मध्ये एक फडकं, हे पूर्वी आपल्याला चालत होतं याचंच आता नवल वाटतं. मम्मीला पटलेलं नाही. ती म्हणते, देवापुढे इतका हिशोब कशाला. एकमेकांना शांती देताना करायच्या खुणेचा, शांतीचिन्हाचा, मात्र प्रश्नच आला नाही. बाहेर देशांत हातात हात द्यायचा की नाही यावर चर्चा झडल्या, आपण आधीपासून हात जोडतोय.

पवित्र पाण्याची भांडी भरली आहेत, पण शेजारचं पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँडही अजून तिथेच उभं आहे. त्यामुळे घोटाळा होतो. परवा एका म्हातारीने स्टँडवर पाय दाबला, सॅनिटायझर हातावर घेतलं आणि त्याच बोटांनी कपाळावर क्रूसाची खूण केली. मागच्या पोरी हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. दीड वर्ष ती भांडी कोरडी होती तेव्हाही हीच बाई त्यात बोटं बुडवून खूण करायची.

मोबाइलवरची चर्चची उपासना, ऑनलाइन मिस्सा, बंद करायची की नाही यावरून दोन तट आहेत. काही म्हणतात, मोबाइलवर मिळतेय तोवर तरुण पोरं चर्चला यायची नाहीत. असतील तशीही. पण खाटेवर पडलेल्या माणसांना ती मिस्सा म्हणजे मोठा आधार आहे, त्यांच्यासाठी कॅमेरा राहू दे, असं मी बैठकीत बोललो. घरातलं सांगायचं तर मम्मी भाजी चिरत मिस्सा ऐकायची, “प्रार्थना करू या” आलं की सुरी खाली, आमेन झालं की सुरी वर. तुझ्या आजीचं, आयचं, तसं नव्हतं. ती लाल लुगडं नेसायची, कानातलं घालायची आणि मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर गुडघे टेकायची. शुभवर्तमानाच्या वाचनाला मी खुर्चीत बसून राहिलो तर म्हणायची, “उभा राहा. फादरला दिसत नाही, पण त्याला दिसतं.”

तुला आठवतं का, २७ मार्च २०२० च्या रात्री पोपसाहेब भर पावसात रिकाम्या चौकातून एकटे चालत आले, ते आपण टीव्हीवर बघत होतो आणि तू तिकडून फोनवर? आय एकदम रागावली होती. “एवढ्या मोठ्या माणसाला छत्री धरायला कोणी नाही?” बदलाची तिला भीती नव्हती. तिचं लग्न लॅटिन मिस्सेत लागलं, आणि माझा बाप्तिस्मा होईपर्यंत व्हॅटिकनची दुसरी परिषद होऊन मिस्सा मराठीत आली होती. तेव्हाही म्हणे गावात कुरकुर झाली, की आपली रोजची भाषा देवाला कशी चालेल. ती सांगायची, “मला तर पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं मी कशाला आमेन म्हणत होते.”

आता फुलांच्या वाडीचं. आपल्या घरातला पैसा चर्चच्या दारापेक्षा देवळांच्या दारावर जास्त अवलंबून आहे, हे मला ५५ वर्षांत कधी इतकं लख्ख दिसलं नव्हतं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मोगरा असा फुलला होता की पहाटे वाडीत उभं राहवत नव्हतं. पण लोकल बंद, दादरचा फूलबाजार बंद, देवळं बंद, लग्नं बंद. कळ्या खुडल्या नाहीत तर झाड बसतं, म्हणून रोज खुडायच्या आणि बावखलाच्या, आपल्या वाडीतल्या तळ्याच्या, काठावर ओतायच्या. काही दिवसांनी त्या ढिगाला आंबूस वास यायला लागला. आय म्हणाली, माझ्या उभ्या जन्मात मोगऱ्याचा वास नकोसा झाला नव्हता.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. आदल्या संध्याकाळी दादरच्या व्यापाऱ्याचा फोन, सोनचाफा किती देता? इकडे चर्चमध्ये बाकं पुसायची होती, तिकडे चाफा खुडायचा होता. मी चाफा खुडला. मम्मीने बाकं पुसली.

याच दिवसांत मी गेटवर उभा राहायला लागलो. तुला एवढंच माहीत आहे की पप्पा स्वयंसेवक होते. काय करत होतो ते नीट कधी सांगितलं नाही. एका हातात ताप मोजायची ती बंदूक, दुसऱ्या हातात यादी. बाकांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या, फुली असेल तिथे बसायचं नाही. त्या वर्षी नाताळला सरकारचा नियम आला, चर्चमध्ये जास्तीत जास्त ५० माणसं. रात्रीची संचारबंदी होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकायची. साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं. आपल्या गावात नाताळच्या रात्री पटांगणातसुद्धा जागा नसते, त्यातून ५० कसे निवडायचे? विभागवार चिठ्ठ्या काढल्या. ज्यांची नावं निघाली नाहीत ते गेटपर्यंत येऊन माझ्याकडे बघायचे. एकाने तर विचारलं, “तू काय स्वर्गाच्या दारावरचा संत पीटर लागून गेलास का?” मी हसण्यावारी नेलं. पण घरी जाऊन जेवलो नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. आयला मी सोडलं नाही.

१५ मार्च २०२० च्या रविवारी ती शेवटची चर्चला गेली. नाताळला म्हणाली, मागे उभी राहीन, नाहीतर बाहेर क्रूसापाशी. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, गेटवर मीच उभा आणि माझीच आई आत, लोक काय म्हणतील? पुढच्या मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, तिला पहिला डोस मिळाला. इस्टर ४ एप्रिलला होता. आदल्या दिवशी तिने लुगडं काढून खुर्चीवर ठेवलं होतं. मी ते परत कपाटात ठेवलं. म्हटलं, दुसरा डोस झाला की मी स्वतः हाताला धरून नेतो. आता एवढे दिवस थांबलीस. ती काही बोलली नाही. इस्टरच्याच दुपारी बातमी आली, उद्या रात्री आठपासून पुन्हा सगळी प्रार्थनास्थळं बंद.

आणि मे महिन्यात ती गेली. कोरोना नव्हता, चाचणी करून घेतली होती. झोपेत हृदय थांबलं. नियम तोच, वीस माणसं. आपल्या भावकीचीच शंभर होतात. तेव्हा चर्चची घंटाही वाजवत नव्हते, कारण रोज वाजू लागली होती आणि लोक घाबरायचे. म्हणजे जिने साठ वर्षं गावातल्या प्रत्येक मयतीची घंटा ऐकून हातातलं काम टाकलं, तिच्यासाठी घंटा वाजली नाही. तू मोबाइलवर पाहिलंस. मोबाइल धरणाऱ्या पोराचा हात मध्येच हलला आणि तुला बराच वेळ नुसती माती दिसत राहिली, हे तू मम्मीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस, पण कळलं.

माझं चुकलं का? मला खरंच ठरवता येत नाही. त्या एप्रिलमध्ये आपल्या विभागात जी घरं बसली ती तू जाणतेस. तिला सोडलं असतं आणि काही झालं असतं तर हेच पत्र दुसऱ्या तोंडाने लिहीत बसलो असतो. फादर म्हणाले, तुम्ही योग्य केलंत. डॉक्टर म्हणाले, योग्य केलंत. लुगडं कपाटात ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढंच डोक्यातून जात नाही.

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दारं पुन्हा उघडली तेव्हा मी गेटवर उभा राहायला नकार दिला. झेंडूला भाव चांगला होता, तेच कारण सांगितलं.

आता गेटवर कोणीच नसतं. बाकांवरच्या फुल्या या उपवासकाळात आम्ही काढल्या. नखाने निघत नव्हत्या. शेवटी रॉकेलचं फडकं फिरवलं, तरी खाली चिकट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसून काळी फुली दिसतेच. आयचं तिसरं बाक, पंख्याखालचं, भिंतीकडचं टोक. तिथली पट्टी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. अर्धीच निघाली. उरलेल्या अर्धीला पॉलिशवाला म्हणाला, खरवडलं तर लाकूड जाईल. तर राहू दिली. यंदा इस्टरला तिथे कोणाची तरी सून बाळाला घेऊन बसली होती आणि बाळ ती पट्टी बोटाने उचकटायचा प्रयत्न करत होतं. निम्म्या मिस्सेत मी तेच बघत होतो.

बाकी गाव ठीक आहे. लग्नं पुन्हा पाच-पाचशेची व्हायला लागली, ब्रास बँडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यातला कॉर्नेट वाजवणारा दोन वर्षं मासळी विकत होता. तो म्हणतो, मासळीत पैसा जास्त होता, पण बँडमध्ये वास कमी. धर्मशिक्षणाचे वर्ग झूमवरून पुन्हा हॉलमध्ये आलेत. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांच्या दोन तुकड्या एकदम घेणार, त्यामुळे मुलींचे पांढरे फ्रॉक आखूड झालेत आणि आया शिंप्याकडे रांगेत. पेटीत दान टाकण्याऐवजी क्यूआर कोड लावलाय. म्हातारे अजून नाणंच टाकतात, आवाज व्हायला हवा म्हणतात.

आयच्या वर्षश्राद्धाची मिस्सा मेच्या सुरुवातीला यायची, ती मी पुढे ढकलली. शनिवारी २८ मेला संध्याकाळी सहाची सांगून ठेवली आहे, फादरांनी वहीत लिहून घेतलंय. त्याआधी घंटा वाजवायची परवानगीही मागितली. मिस्सेआधी मयतीची घंटा वाजवत नाहीत, असं ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, बघू. सकाळी आपण कबरीवर जाऊ. मोगरा तेव्हा भरात असेल. बाळाचा बाप्तिस्मा तिकडे झाला तेव्हा तिने मोबाइलवर बघून पाठवलेले पाचशे रुपये पाकिटात तसेच आहेत, ते त्याच्या हातात द्यायचे राहिलेत.

मिस्सेनंतर हॉलमध्ये जेवण. आचारी आकडा विचारतोय. मम्मी दोनशे म्हणते, तुझा काका म्हणतो तीनशेच्या खाली लाज जाईल. तुझ्या सासरचे किती येतील ते या आठवड्यात कळव. मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. आकडा विचारला की माझ्या तोंडात अजून ५० च येतं.

तुझे,
पप्पा