हर्णैच्या अण्णांना, पहिल्या धुतलेल्या रोलनंतर

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

पावसाळा संपता संपता मी दापोलीहून आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या पिशवीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेला, दिसायला नवाकोरा असा जुना फिल्म कॅमेरा होता. आपण लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार सोडला आणि काचेच्या कडेला कोळिष्टकासारखी पसरलेली बुरशी मला दाखवली. मग मागचे झाकण उघडून, उजेड अडवण्यासाठी लावलेला फोम विरघळून बोटाला डांबरासारखा कसा चिकटतो, तेही दाखवले. विक्रेत्याने यातले काहीही कळवले नव्हते. परतीची मुदत अजून उरली होती, त्यामुळे माझे पैसे वाचले.

मला खरे तर सगळे आपोआप करणारा कॅमेरा हवा होता. आपण मात्र स्टुडिओच्या कपाटातला आपला पेंटॅक्स के १००० माझ्या हाती ठेवला आणि १९७६ पासून १९९७ पर्यंत हे मॉडेल जवळजवळ तसेच का निघत राहिले, ते समजावून सांगितले. त्यातला सेल केवळ उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी असतो. तो संपला तरी शटर चालते, आणि फोकस, शटर व अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेड आत येण्याचे छिद्र) हे तिन्ही आपल्यालाच ठरवावे लागतात. मीटर बंद करायला वेगळे बटण नाही, म्हणून काम झाले की लेन्सवर झाकण घालायचे, ही सवय आपण पहिल्याच दिवशी लावली.

पहिला रोल पूर्ण कोरा निघाला, कारण त्याचे टोक फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलेच नव्हते आणि मी छत्तीस वेळा शटर दाबूनही फिल्म जागची हलली नव्हती. आपण एक शब्दही न रागावता मुदत संपलेला एक रोल दिला आणि तो भर उजेडात, झाकण उघडे ठेवून, माझ्याकडून दहा वेळा भरून घेतला. फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढल्यावर डावीकडची गुंडाळण्याची कळ उलटी फिरली पाहिजे, ही खूण त्या दुपारी माझ्या बोटांत बसली. आता तिच्याकडे पाहिल्याशिवाय मी पहिला फोटो काढत नाही.

पण माझे सर्वांत मोठे ऋण आहे ते बंदरावरच्या त्या संध्याकाळचे. मासळीचा लिलाव चालू होता, सुवर्णदुर्गामागे आकाश लखलखत होते आणि मला पाटीवर वाकलेल्या एका मावशींचा चेहरा हवा होता. समुद्राकडे धरल्यावर मीटरने १/२५० सेकंदाच्या शटरला एफ ११ हे लहान छिद्र सांगितले. आपण मला वर रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्यापाशी, म्हणजे बुटक्या दगडी भिंतीपाशी, नेले, त्याची सावलीतली बाजू मोजायला लावली, आणि तिथे त्याच शटरला एफ ४, म्हणजे बरेच मोठे छिद्र, आले. मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करड्या रंगाची समजतो, म्हणून उजळ आकाश पाहिले की तो माणसाला काळे करतो. जांभा साधारण त्या मध्यम छटेच्या जवळचा, आणि मावशींच्या चेहऱ्यावर होता तसाच उजेड गडग्याच्या त्या बाजूवर होता. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला भरून काढता येत नाही, हेही आपण तिथेच सांगितले. तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) हा फरक मी वहीत लिहिला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोपुढे शटर, अ‍ॅपर्चर व उजेड कुठला याची नोंद केली.

तो रोल परवा धुऊन आला. निगेटिव्ह खिडकीशी धरून वहीशी ताडून पाहिल्या. समुद्रावर मोजून काढलेल्या फोटोत मावशींच्या चेहऱ्याच्या जागी निगेटिव्ह जवळजवळ पारदर्शक आहे. गडग्यावर मोजलेल्या फोटोत त्यांच्या कपाळावरची घामाची रेघसुद्धा दिसते.

आपण सांगितल्याप्रमाणे कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आहे. त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक मावशींना बंदरावर नेऊन देईन, दुसरी वहीसह आपल्याकडे आणते. सतराव्या फोटोच्या नोंदीत माझे काय चुकले, ते मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

आपली कृतज्ञ,
दापोलीची विद्यार्थिनी