बोलीची तयारी सेटवर होत नाही

महोदय,

मालिकांमधल्या ‘गावरान’ मराठीवर वाचकांचा राग आहे आणि तो रास्तच आहे. फक्त तो नटांवर निघतो. खोट कामाच्या पद्धतीत आहे.

रॉबर्ट ईस्टन (१९३०–२०११) या अमेरिकी चरित्र अभिनेत्याचं उदाहरण घ्या. लहानपणी अडखळत बोलणारा हा मुलगा टेक्सासमध्ये वाढला. हॉलिवूडमध्ये त्याला भोळसट खेडवळाचीच कामं मिळत गेली. त्या साच्याला कंटाळून साठच्या दशकात तो लंडनला गेला आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात उच्चारांचं शास्त्र (फोनेटिक्स) शिकला. परतल्यावर लहानसहान भूमिका चालूच राहिल्या, पण नाव झालं ते इतरांना बोली शिकवण्यात. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन पडद्यावर साकारणाऱ्या फॉरेस्ट व्हिटेकरला त्यानेच तयार केलं. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ईस्टनला ‘हॉलिवूडचा हेन्री हिगिन्स’ म्हणत; हिगिन्स म्हणजे शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातला उच्चार शिकवणारा प्राध्यापक. पुलंच्या ‘ती फुलराणी’तला प्राध्यापक याच हिगिन्सचा मराठी अवतार, पण तो गावंढळ बोलणं ‘शुद्ध’ करतो. ईस्टनचं काम बहुधा उलट्या दिशेचं.

आपल्याकडे ‘ण’चा ‘न’ करायचा, ‘व्हय’ आणि ‘म्या’ पेरायचं, झाली बोली! अकोल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’, ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘येऊन राहिला’ म्हणजे येतो आहे. कोल्हापूरकडे बायका सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, मालिकेतली सून मात्र ‘आले’च म्हणते. मालवणीत ‘माका’, ‘तुका’ बरोबर येतं, पण वाक्याच्या शेवटचा हेल पुण्याचाच राहतो आणि सिंधुदुर्गातल्या माणसाला ते लगेच कळतं.

पात्राच्या गावच्या, वयाच्या, धंद्याच्या माणसाच्या गप्पा ध्वनिमुद्रित कराव्यात. वाचून घेऊ नये. कागद हातात आला की माणूस पुस्तकी बोलतो. नटाने आधी शब्दांशिवाय नुसता हेल गुणगुणावा, मग स्वर, मग व्यंजनं. खास शब्द सगळ्यात शेवटी. नुसत्या ओळी घोकल्या तर दिग्दर्शकाने ऐनवेळी वाक्य बदललं की बोली गळून पडते. नियम जिभेवर बसले असतील तर नवं वाक्यही त्याच बोलीत येतं. भांडणाचे, रडण्याचे प्रसंग तालमीत आधी घ्यावेत, कारण आवाज चढला की नट आपल्या मूळ बोलण्यावर येतो. एका घरातली सगळी पात्रं एकाच माणसाने तयार करावीत, नाहीतर बाप वऱ्हाडी आणि लेक सातारी निघतो. ‘डबिंगमध्ये बघू’ हेही खरं नाही. तोवर वाक्याची लांबी आणि थांबे पडद्यावर पक्के झालेले असतात, त्यात नवा हेल मावत नाही.

निर्मात्यांनी संवाद निदान आठवडाभर आधी द्यावेत. बोली सांभाळणाऱ्याला वेगळं मानधन आणि श्रेयनामावलीत वेगळी ओळ द्यावी. सध्या हे काम सेटवरच्या एखाद्या ‘गावाकडच्या’ स्पॉटदादाला विचारून उरकलं जातं. तो बिचारा कऱ्हाडचा असतो आणि मालिका चंद्रपूरची.

– नाटक-मालिकांसाठी बोलीचं काम करणारे काही जण, पुणे