ॲक्टनच्या पत्त्यावर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"ॲलन रिकमननेही सव्विसाव्या वर्षीच अभिनयासाठी सगळं सोडलं होतं," असं म्हणून परवा तू फोन ठेवलास. मी रात्रभर त्याच्याबद्दल वाचत बसले. मला तो हॅरी पॉटरमधला स्नेप म्हणूनच ठाऊक. आठवीत असताना तू त्याच्या आवाजात नानांना औषध घ्यायला लावायचीस, आणि नाना निमूट घ्यायचे!

तू म्हणालीस ते खरं आहे. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला, डिझाइनचा चालता स्टुडिओ सोडून १९७२ मध्ये 'राडा' या लंडनच्या नाट्यशाळेत गेला. पण शिकताना नायजेल हॉथॉर्न, राल्फ रिचर्डसन या नटांच्या कपडेपटाचं काम करून तो पोट भरत होता, हेही वाच. म्हणून म्हणते, तूही डिझाइनची दोन कामं हातात ठेव.

लेक्चर नको म्हणाली होतीस. चुकलं, थांबते.

लंडनमध्ये तुझी खोली आहे त्या ॲक्टनमध्येच तो वाढला. आठ वर्षांचा असताना वडील गेले, आईने चार मुलं वाढवली. मी तिथेच अडकले गं. बाबा गेले तेव्हा तूही तिसरीतच होतीस. मुलगा स्टुडिओ सोडतो म्हणाला तेव्हा त्या बाईला झोप लागली असेल का? 'डाय हार्ड' हा त्याचा पहिला चित्रपट १९८८ चा. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. मधली सगळी वर्षं नाटकं, थोडं टीव्हीवरचं काम. ब्रॉडवेवर 'ले लिएझों दांजरूज' नाटकातला त्याचा व्हाल्मों पाहिला, तेव्हा कुठे सिनेमावाल्यांनी बोलावलं. एवढी वर्षं तू भाडं कशातून भरणार?

तुझ्यात गुण नाही असं मला कधीच वाटलं नाही. राज्य नाट्य स्पर्धेत तू नुसती उभी राहिलीस तरी सभागृह गप्प झालं होतं. शेजारच्या बाईंना मी न विचारताच सांगितलं, माझी मुलगी आहे म्हणून.

ताईला सातवा लागलाय, तिला फोन कर. डबा करून नेत जा, बाहेरचं महाग पडतं. आणि जुन्या ऑफिसातल्या सरांना एक मेल टाकून ठेव. घरून करण्यासारखं काम ते देतील. नाही दिलं तर मला सांग, ठेव मोडायला मी तयार आहे.

तुझी,
आई